डावी खिडकी

वेणीमाधव: हे ताम्हण म्हणजे काशी. हा तांब्या म्हणजे बाबतपूरचा विमानतळ. आणि ही पळी म्हणजे तुमचं उद्याचं विमान. आता सांग वैदेही, पळी कुठून कुठं जाते?

वैदेही: बाबा, पूजेची भांडी आहेत ती. आई ओरडेल.

शरदिनी: आईला डॉक्टरांनी ओरडायची मनाई केली आहे. खेळू दे त्यांना. सकाळपासून तेच चाललंय.

वेणीमाधव: खेळ नव्हे हा. उद्या तिथला माणूस विचारेल, माताजी, खिडकी कुठल्या बाजूची देऊ, आणि तुम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसाल. बाजू आत्ताच पक्की व्हायला हवी. एकदा विमान उठलं की मग कोण बदलून देतो?

वैदेही: मी आले तेव्हाच विमानतळावर विचारून ठेवलंय सगळं. विमान पूर्वेकडं तोंड करून उठतं. मग डावीकडून वळतं आणि दिल्लीच्या रस्त्याला लागतं. द्या ती पळी. हे बघा, अशी उठली. अशी वळली. आता काशी कुठं राहिली?

वेणीमाधव: डाव्या हाताला.

वैदेही: म्हणून डावी खिडकी. झालं. आता ते ताम्हण उचला, आईला जेवायला वाढायचंय.

वेणीमाधव: झालं कसं? देव डाव्या हाताला ठेवून कुणी जातं का? प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला असतो. डावा हात आत ठेवून कुणाभोवती फिरतात, ते तुला सांगायला हवं का? या घरात वाढलीस तू.

वैदेही: हद्द झाली बाबा. ते विमान आहे, प्रदक्षिणा नाही घालत. पायलटला कुणी शिकवलीय का?

वेणीमाधव: पायलटचं मला ठाऊक नाही. बसणारं माणूस माझ्या घरचं आहे. तेही असल्या प्रकृतीत. अशा वेळी तरी उलटी बाजू नको. उजवीकडं काय दिसतं?

वैदेही: कोहरा, धुकं नसलं तर हिमालय. लांबवर पांढरी रेघ दिसते. लोक भांडून उजवी खिडकी घेतात.

वेणीमाधव: बघ. उजवीकडं साक्षात हिमालय, आणि तू हिला डावीकडं बसवायला निघालीस.

शरदिनी: मला हिमालय नको. त्याची माझी ओळख नाही.

वेणीमाधव: अगं, दर्शन आहे ते.

शरदिनी: असू दे. तुम्हीच आठवडाभर घोकताय, काशी बघ, डोळे भरून काशी बघ. आता उजवीकडं बसले तर ती दिसायची नाही म्हणते ही. नक्की काय बघायचं ते दोघांनी मिळून ठरवा आणि मला सांगा. मी बसते तिथं.

वेणीमाधव: काशी बघ म्हणतो ते उगाच नाही. आता काय सांगू तुला. इतकी वर्षं बालाजी घाटावर उभा राहून मी यात्रेकरूंना सांगत आलो, की गंगा इथं चंद्रकोरीसारखी वळते, उत्तरेला तोंड करते, आणि काशी जमिनीवर नाही, महादेवाच्या त्रिशूळावर तोललेली आहे. लोक हात जोडतात. पण ती कोर मी कधी पाहिली आहे का? पोथीत वाचली आणि सांगितली. नावेत बसलं तर एकेक घाट दिसतो. माडीवर चढलं तर शेजारच्या गच्चीवरची माकडं दिसतात. अख्खी काशी काशीत राहून दिसतच नाही. ती बघायची तर तिच्याबाहेर पडावं लागतं.

शरदिनी: मग चला की.

वैदेही: बाबा, तिकिटं मी तीन काढली आहेत.

वेणीमाधव: तीन कशाला?

वैदेही: तुम्हाला ठाऊक आहे कशाला.

वेणीमाधव: रद्द कर.

वैदेही: आईच्या हृदयाची झडप आकसलीय. इथले डॉक्टर म्हणाले, दिल्लीला न्या, आणि गाडीनं नेऊ नका, तेवढा प्रवास झेपायचा नाही. ऑपरेशनच्या कागदावर सही कुणाची, नवऱ्याची की मुलीची, असं विचारतील तिथं. मी काय सांगू? नवरा हद्दीच्या आत आहे?

वेणीमाधव: तू सही कर. तू शिकलेली आहेस.

वैदेही: सहीचं नाही बोलत मी.

वेणीमाधव: मग कशाचं बोलतेस? क्षेत्रसंन्यास घेतलाय आम्ही. तुझं लग्न उरकलं आणि संकल्प सोडला, की देहात जीव आहे तोवर काशीची हद्द ओलांडायची नाही. तो काय पोरखेळ होता?

वैदेही: माझ्या बाळंतपणाला आई आली नाही, तेव्हा मी एक शब्द बोलले नाही. सासूबाई म्हणाल्या, अशी कशी गं तुझी आई. मी म्हटलं, त्यांचं व्रत आहे. पण आज आईच चाललीय ना हद्दीबाहेर? मग तिचं व्रत कुठं गेलं?

वेणीमाधव: तिला मुभा आहे. मी सगळं बघून ठेवलंय. दुखण्यापायी जावं लागलं तर आल्यावर प्रायश्चित्त घेता येतं. ते मी करीन तिच्या वतीनं. शिवाय संकल्प मी केला होता. तिनं नुसता माझ्या हाताला हात लावला होता.

शरदिनी: ते खरं आहे. हात लावला होता. पाणी तुम्हीच सोडलंत.

वेणीमाधव: म्हणून तुला दोष नाही.

शरदिनी: माझ्यासाठी पोथीत वाट सापडली. तुमच्यासाठी नाही सापडली?

वेणीमाधव: अगं, मी तिकडं येऊन काय करणार? इस्पितळाच्या बाकावर बसून राहीन. इथं राहिलो तर तुझ्यासाठी रुद्राची आवर्तनं तरी होतील माझ्या हातून. पाठशाळेतल्या विश्वेश्वरला बोलावलंय, त्याच्याबरोबर आणखी दोघे येणार आहेत.

शरदिनी: बाकावर बसून राहायचं असतं. तेवढंच काम असतं तिथं.

वैदेही: आई, तू दमू नकोस. पाणी देऊ?

शरदिनी: नको. ती बॅग जरा भिंतीकडं सरकव, पाय लागतो माझा.

वैदेही: एवढी जड? कपडे तर मोजकेच भरले होते मी.

शरदिनी: तळाशी हात घाल. गडू आहे. गंगाजलाचा, तोंड झाळून आणलेला.

वैदेही: हा कुणी ठेवला?

शरदिनी: मी नाही ठेवला. काशीतून गडू यात्रेकरू नेतात, घरी म्हातारंकोतारं असतं म्हणून. काशीच्या बाईला काशीतून गडू कशाला लागतो, ते तुझ्या बाबांना विचार.

वेणीमाधव: असू दे जवळ.

शरदिनी: असू दे. माझी ना नाही. पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? माझ्या लुगड्यांच्या खाली खुपसून ठेवलात. मला सांगितलं असतंत तर मीच नीट गुंडाळला असता.

वेणीमाधव: तुला वाईट वाटलं असतं.

शरदिनी: आता नाही का वाटलं?

वैदेही: बाबा, मी शेवटचं विचारते. तिसरं तिकीट पर्समध्येच आहे.

वेणीमाधव: पंचाहत्तरी उलटली माझी, वैदेही. त्या दिल्लीत मलाच काही झालं तर?

शरदिनी: आणि मला झालं तर?

वैदेही: आई.

शरदिनी: विचारायला काय हरकत आहे? गडू बॅगेत आहे म्हणजे विचार सगळ्यांनीच केलाय. जाऊ दे. ते ताम्हण उचला आता. उजवी म्हणता ना? उजवीकडं बसते. तुमच्या शब्दाबाहेर कधी गेले नाही, आता जाता जाता कशाला जाऊ? पण एक सांगते. आठ दिवस खिडकीचा काथ्याकूट चाललाय. सगळ्या गल्लीला विचारून झालं, खिडकी उजवी की डावी. शेजारी कोण बसणार, ते एकदाही कुणी विचारलं नाही.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, विमानतळाच्या वाटेवर, टॅक्सीत.)

वेणीमाधव: इथंच थांबवायला सांग त्याला. शिवपूर आलं.

वैदेही: भैया, जरा साइड में रोकिए. बाबा, कोहरा बघा किती आहे. चहाची टपरी येऊ दे पुढं, तिथं उतरा.

वेणीमाधव: पुढं नाही. पंचक्रोशीची वाट इथून जाते, काशीची हद्द तीच. टपरी पलीकडं आहे.

वैदेही: दहा पावलं पलीकडं आहे.

वेणीमाधव: असेल. पलीकडं ते पलीकडं.

वैदेही: बरं, उतरा. कानटोपी खाली ओढा. मैदागिनपर्यंत टेंपो मिळेल, पायी नका जाऊ. आणि जेवायला शेजारी दिनानाथकाकांकडं सांगितलंय मी. नाहीतर नुसत्या दूध-पोह्यांवर दिवस काढाल.

वेणीमाधव: हो. तिच्या बाजूची काच खाली कर जरा.

वैदेही: थंडी लागेल तिला.

शरदिनी: कर गं खाली. काही होत नाही एवढ्यानं.

वेणीमाधव: ऐकलंस का?

शरदिनी: ऐकतेय.

वेणीमाधव: डावीकडं बस.

शरदिनी: काय म्हणालात?

वेणीमाधव: विमानात. डाव्या खिडकीशी बस. रात्रभर डोळा लागला नाही. उजवीकडं बसलीस तर तुला काशी दिसणारच नाही. घर सोडून जायचं, आणि वळून बघायलाही मिळायचं नाही, हे काही बरं नाही.

शरदिनी: आणि उलटी बाजू?

वेणीमाधव: होऊ दे उलटी. दोष लागला तर मला लागेल.

शरदिनी: पोथीत वाट सापडली वाटतं.

वेणीमाधव: नाही सापडली. तशीच बस.

शरदिनी: लग्न होऊन तुमच्या घरात आल्यापासून पहिल्यांदा तुम्ही एखादा नियम मोडताय. आणि मोडताय काय, तर खिडकीचा.

वेणीमाधव: मला भीती वाटते गं.

शरदिनी: कशाची?

वेणीमाधव: सगळा जन्म या एका गोष्टीवर लावलाय. काशीत मरण यावं. दुसरं काही मागितलं नाही कधी, मिळवलंही नाही. आता अगदी काठाशी आलो, आणि एका पावलानं ते जायचं म्हणजे... माझे पायच उचलत नाहीत. तुझ्याकडं बघून लाज वाटते, तरी उचलत नाहीत.

शरदिनी: ठाऊक आहे मला.

वेणीमाधव: तू रागावलीस.

शरदिनी: रागावले आहे. तो राग घेऊनच चाललेय, इथं ठेवून जात नाही. तुम्ही उभे राहू नका आता. देव पारोसे आहेत घरी. शेगडीवर दूध झाकून ठेवलंय, मांजर येतं, आधी ते बघा.

वेणीमाधव: आलीस की सांग मला, कशी दिसते ती. कोर दिसते का खरंच.

शरदिनी: आणि नाही आले तर?

वेणीमाधव: वैदेहीला सांगून ठेव.

शरदिनी: वैदेही, काच वर घे. वारा येतोय.

वैदेही: चलिए भैया.

शरदिनी: गेले का?

वैदेही: नाही. उभे आहेत अजून. रस्त्याच्या अलीकडंच, कुणी रेघ मारून ठेवल्यासारखे.

शरदिनी: कानटोपी ओढली?

वैदेही: नाही ओढली.

शरदिनी: नाहीच ओढायचे. तू पुढं बघ.

* * *

वैदेही: पट्टा घट्ट होतोय का आई? सैल करू?

शरदिनी: ठीक आहे. किती वेळ बसवून ठेवलं त्या कोहऱ्यापायी. मला वाटलं, परतच पाठवतात.

वैदेही: तसं झालं असतं तर बाबा म्हणाले असते, बघा, काशीनंच सोडलं नाही.

शरदिनी: म्हणाले असते. आणि मी ऐकलं असतं. तुझ्या पलीकडची खुर्ची कुणाची? कुणी आलं नाही.

वैदेही: बाबांचीच. तिकीट रद्द करायला माझा हात झाला नाही.

शरदिनी: बरं केलंस. पर्स ठेव तिच्यावर, मांडीवर कशाला ओझं. हे कानात काय झालं गं माझ्या?

वैदेही: दडे बसतात वर जाताना. आवंढा गिळ. घाबरू नकोस, छातीत दुखत नाही ना?

शरदिनी: दुखत नाही. धडधडतंय, पण ते घरीही धडधडतंच. उजवीकडची माणसं खिडकीशी का वाकली सगळी?

वैदेही: हिमालय दिसत असेल. वर हवा साफ आहे. बघायचाय? मी त्यांना विचारते, जरा सरकतील.

शरदिनी: नको. मला डावी दिलीय. डावीकडचंच बघते.

वैदेही: आई, वळून झालं. आता बघ. पंखाच्या मागं, खाली. ते चमकतंय ना, ती गंगा.

शरदिनी: एवढी बारीक?

वैदेही: ऊन पडलंय तिच्यावर. तो आडवा दोरा दिसतो ना, तो राजघाटचा पूल.

शरदिनी: हो. दिसला. अगंबाई, वळलीय खरी. कोर आहे. न बघताच बरोबर सांगत होते ते इतकी वर्षं.

वैदेही: आणि तिच्या अलीकडच्या काठाला ती धुरकट पट्टी आहे ना, ती काशी.

शरदिनी: पट्टी? ती कोहऱ्याची नाही का?

वैदेही: नाही, तीच. घरं आहेत ती.

शरदिनी: रामघाट कुठला मग?

वैदेही: तो नाही ओळखता यायचा इथून.

शरदिनी: आपली माडी?

वैदेही: नाही आई.

शरदिनी: पंचगंगेच्या पायऱ्या तरी? त्या केवढ्या आहेत. कडेवर तू, डोक्यावर कळशी, अशी चढलेय मी त्या. मधे दोनदा बसायचे, तेव्हा सासूबाई म्हणायच्या, तरण्या पोरीला दम कसा लागतो. तेव्हापासूनच ही झडप आकसत असेल बघ.

वैदेही: पायऱ्या नाही दिसत इतक्या वरून.

शरदिनी: शिवपूर?

वैदेही: शिवपूर इकडं, अलीकडं. तो रस्ता जातो ना, पांढरट, त्याच्यावर कुठंतरी. माणसं नाही दिसायची आई.

शरदिनी: माणसाचं नाही विचारलं मी. हे बघ. मी काचेवर बोट ठेवलं.

वैदेही: मग?

शरदिनी: झाकली गेली सगळी. घाट, देवळं, आपली गल्ली. हद्दीसकट झाकली गेली एका बोटाखाली.

वैदेही: वरून सगळंच लहान दिसतं.

शरदिनी: त्यांनी काशी म्हणून ताम्हण मांडलं होतं. ताम्हण फार मोठं झालं. पळीत मावेल एवढी आहे गं. आणि त्रिशूळ कसला, जमिनीवरच आहे. आजूबाजूला शेतं आहेत.

वैदेही: आई, मागं टेक जरा.

शरदिनी: एवढ्याशासाठी उतरले ते.

वैदेही: रडू नकोस. त्रास होईल तुला, डॉक्टरांनी सांगितलंय.

शरदिनी: रडत नाही. डोळे भरून बघ म्हणाले होते, तेवढंच करतेय.

वैदेही: हात दे इकडं. किती गार पडलाय.

शरदिनी: गेली का?

वैदेही: गेली. पंखाखाली गेली.

शरदिनी: बरं.

वैदेही: उतरल्यावर मी दिनानाथकाकांकडं फोन लावते. बाबा तिथंच येऊन बसले असतील, जेवण तसंच टाकून. तू कशी आहेस ते विचारतील, आणि लगेच हे विचारतील, कशी दिसली. मी काय सांगू?

शरदिनी: कोर दिसली म्हणून सांग. ते खरं आहे.

वैदेही: आणि काशी?

शरदिनी: सांग, फार मोठी दिसली.

वैदेही: आई.

शरदिनी: सांग, खिडकीत मावली नाही.